किवी ऑम्निकप: तळहातात मावणारा व्हॅक्यूम आणि बाळाचं डोकं

लेबर रूममध्ये नातेवाइकांच्या कानावर ‘व्हॅक्यूम लावला’ एवढंच येतं. म्हणजे हवा शोषून बाळाच्या डोक्याला कप चिकटवला आणि तो ओढून बाळ बाहेर यायला मदत केली. कुठला कप, कुठे लावला, किती वेळा ओढला, हे कोणी सांगत नाही. बाळाच्या डोक्याचं पुढे काय होणार, ते मात्र याच तीन गोष्टींवर ठरतं. त्यामुळे किवी ऑम्निकपचं हे परीक्षण वापरणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे, तसंच केसपेपर वाचणाऱ्या आईवडिलांसाठीही आहे.

किवी म्हणजे एकदा वापरून टाकून द्यायचं, हातपंपावर चालणारं साधन. ऑस्ट्रेलियातले प्रसूतितज्ज्ञ आल्डो वाका यांच्या कामातून ते आलं. कडक प्लास्टिकचा ५० मिमी व्यासाचा कप, त्यातून निघणारी लवचिक नळी, मुठीत धरायचा पंप, पंपावरच दाब दाखवणारा काटा आणि दाब सोडायचं बटण, एवढंच त्यात असतं. आधीच्या, स्वीडिश डॉक्टर माल्मस्ट्रॉम यांच्या धातूच्या कपाला वेगळं मशीन लागायचं आणि दाब सांभाळायला दुसरा माणूस लागायचा. इथे ओढणाराच पंप दाबतो आणि काटाही त्याच्याच डोळ्यांसमोर असतो.

याचा खरा गुण नळीत आहे. ती कपाच्या पाठीशी आडवी होते, त्यामुळे कप बाळाच्या डोक्याच्या मागच्या भागापर्यंत सरकवता येतो. कप बसवायची योग्य जागा ठरलेली आहे: मागच्या छोट्या टाळूच्या ३ सेंमी पुढे, डोक्याच्या बरोबर मधल्या सांध्यावर. तिथे बसला की ओढताना बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि डोकं साधारण ९.५ सेंमीच्या व्यासाने खाली येतं. कप पुढे मोठ्या टाळूकडे गेला तर मान उलटी ताणली जाते, हाच व्यास ११ सेंमीच्या वर जातो आणि मग ओढ वाढवावी लागते. बाळाचं तोंड वरच्या बाजूला असेल तेव्हा ताठ दांड्याचा सिलिकॉनचा मऊ कप मागे पोचतच नाही, तो टाळूजवळ बसतो. अशा वेळी किवीला पर्याय कमी आहेत. नळीवर ६ आणि ११ सेंमीच्या खुणा आहेत. कप किती आत गेला ते त्यावरून कळतं, म्हणून त्या बघायची सवय लावून घ्यावी.

लावण्याआधी गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं हवं, पाणमोट फुटलेली हवी, लघवीची पिशवी रिकामी हवी, आणि डोक्याची नेमकी दिशा बोटांना कळलेली हवी. दिशा कळत नसेल तर कप हातात घेऊच नये. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाला, पायाळू बाळाला किंवा चेहरा पुढे असलेल्या बाळाला हे साधन लावत नाहीत. कप बसवल्यावर आधी थोडाच दाब द्यायचा आणि कडेने बोट फिरवून आईच्या योनीची त्वचा आत अडकली नाही ना हे पाहायचं. मग काटा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ४५० ते ६०० मिमी पाऱ्यापर्यंत न्यायचा. लाल पट्ट्यात नेऊन काहीही मिळत नाही. ओढ कळेबरोबरच द्यायची, कपाला काटकोनात. दुसऱ्या हाताचा अंगठा कपावर आणि तर्जनी बाळाच्या डोक्याच्या त्वचेवर हवी. कप एका कडेने उचलला जायला लागला की हवा शिरल्याचा आवाज येण्याआधी ते बोटाला कळतं. डावी-उजवीकडे हलवणं, कप पिळून डोकं फिरवायचा प्रयत्न करणं, कळ नसताना ओढणं, या तिन्हीमुळे त्वचा फाटते.

या साधनाविषयीचा सगळ्यात घातक समज म्हणजे ‘कप सुटतो, म्हणजे बाळ सुरक्षित आहे’. ५० मिमीच्या कपाचं क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंमी. पूर्ण दाबाला कागदावरच्या हिशोबाने तो १५-१६ किलोच्या ओढीपर्यंत सुटणार नाही. म्हणजे सुटायच्या आधीच बरीच ओढ डोक्यावर पडून गेलेली असते. लवकर सुटला तर जागा चुकली आहे, ओढ तिरकी आहे किंवा डोकं अडलं आहे. दोनदा सुटला तर थांबायचं. तीन कळांत डोकं खाली सरकत नसेल तरी थांबायचं, आणि एकूण वेळ २० मिनिटांच्या पुढे जाऊ द्यायची नाही. व्हॅक्यूम जमला नाही म्हणून लगेच चिमटा (फोर्सेप्स) लावला की बाळाला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून सिझेरियनची तयारी कप लावण्याआधीच हवी. औषधं आणि वैद्यकीय साधनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने १९९८ मध्ये व्हॅक्यूमविषयी जाहीर इशारा दिला तेव्हा त्यांच्याकडे चार वर्षांतल्या १२ मृत्यूंच्या आणि ९ गंभीर इजांच्या नोंदी आल्या होत्या.

कपाच्या जागी येणारं गोल टेंगूळ एका दिवसात उतरतं, त्याने घाबरू नये. हाडावरच्या आवरणाखाली रक्त साचलं तर गाठ काही तासांनी दिसते, हाडांच्या सांध्यापाशी थांबते आणि विरायला आठवडे लागतात. मधल्या काळात कावीळ वाढतेय का ते पाहायचं. खरी भीती सबगॅलियल रक्तस्रावाची, म्हणजे डोक्याची त्वचा आणि हाडावरचं आवरण यांच्यामधल्या पोकळीत होणाऱ्या रक्तस्रावाची. यात रक्त सांधे ओलांडून पसरतं, डोकं दाबल्यावर पाण्याच्या पिशवीसारखं हलतं, सूज मानेपर्यंत उतरते आणि कान पुढे ढकलले जातात. ३ किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम २५० मिली रक्त असतं आणि ही पोकळी जवळपास तेवढं सामावू शकते. म्हणून व्हॅक्यूमनंतर टोपी काढून डोकं बघायचं, नाडी, श्वास, रंग आणि डोक्याचा घेर मोजायचा. पहिले दोन तास दर तासाला आणि पुढेही काही तास ठरावीक अंतराने हे करत राहायचं. फिकट पडलेलं, दूध न ओढणारं बाळ ‘दमलं असेल’ म्हणून झोपू देऊ नये. रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के दिल्याची नोंदही तपासावी.

किवीच्या वाईट बाजू दोन. ते इतकं सहज लागतं की शिकण्याआधीच लावलं जातं. आणि एकदाच वापरायचं असूनही ते धुऊन परत वापरण्याचा मोह होतो. वापरलेल्या नळीत ओल राहते, हवा गळते, काटा खरा दाब दाखवत नाही. जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच.

इजा झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात अपघात आणि निर्णयातली चूक हलगर्जीपणापेक्षा वेगळी धरली आहे. प्रश्न कागदावर तपासावा लागतो: व्हॅक्यूम का लावला, डोकं किती खाली होतं, कप कधी लागला आणि कधी निघाला, किती ओढी, किती वेळा सुटला, बाळाला नंतर कोणी पाहिलं. या नोंदी कोऱ्या असतील तर ती गंभीर बाब आहे. केसपेपरच्या प्रती लेखी अर्ज करून मागाव्यात. २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. सरसकट सगळ्यांना मोफत सेवा देणारी रुग्णालयं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार ग्राहक कायद्याबाहेर राहतात, तिथे दिवाणी दावा हा मार्ग उरतो.