मायनलॅब इक्विनॉक्स 800: नांगरलेल्या शेतात लढाईचे अवशेष शोधायला कितपत कामाचा?

मेटल डिटेक्टर घेताना पहिला प्रश्न हमखास 'किती खोल जातो?' हाच असतो. जुनी लढाई झालेल्या शेतात तो प्रश्न फारसा कामाचा नाही. नांगर वरची 20 ते 30 सेंटिमीटर माती पुन्हा पुन्हा उलथवत असतो आणि शिशाच्या गोळ्या, पितळी बटणं, बकलं बरीचशी त्याच थरात फिरत राहतात. खरी अडचण लोखंडाची असते: खिळे, नालांचे तुकडे, तार, फाळाची मोडकी टोकं. गोळीपासून चार बोटांवर खिळा असेल तर मशीन गोळी ऐकवतं की गिळून टाकतं, ही खरी परीक्षा. 2018 साली आलेला मायनलॅब कंपनीचा इक्विनॉक्स 800 या परीक्षेत उतरतो, पण पेटीतून काढून जसाच्या तसा चालवला तर नाही.

यात मल्टी-आयक्यू नावाची एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करणारी पद्धत आहे. शिवाय 5, 10, 15, 20 आणि 40 किलोहर्ट्झ सुट्या निवडता येतात. शेतात मल्टीच ठेवा. सुटी फ्रिक्वेन्सी फक्त वरून विजेच्या तारा जात असतील आणि गोंगाट काही केल्या थांबत नसेल तर. सोबतची 11 इंची डबल-डी कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी; डबल-डी म्हणजे आत D आकाराची दोन वेटोळी) मोकळ्या रानासाठी बरोबर आहे. जुन्या छावणीच्या जागी, जिथे पावलापावलाला खिळा वाजतो, तिथे वेगळी मिळणारी 6 इंची कॉइल जास्त काम करते, कारण एका वेळी तिच्याखाली कमी लोखंड येतं.

सेटिंगचं बोलू. प्रत्येक शेतात सुरुवात एकाच क्रमाने करावी. कॉइल जमिनीपासून वर, स्थिर धरून नॉइज कॅन्सल, म्हणजे आजूबाजूच्या विजेचा गोंगाट टाळणं. मशीन स्वतःच 19 चॅनेल तपासून शांत चॅनेल निवडतं. मग लोखंड नसलेली हातभर जागा शोधून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वजा करणं: बटण दाबून ठेवायचं आणि आवाज मावळेपर्यंत कॉइल खालीवर करायची. सेन्सिटिव्हिटी 25 पर्यंत जाते म्हणून ती 25 वर नेणं ही नवख्यांची ठरलेली चूक. तापट, म्हणजे लोहखनिजं जास्त असलेल्या मातीत ती जितकी वर, तितकी बडबड जास्त, आणि त्या बडबडीत बारीक सिग्नल हरवतात. 18 ते 20 वर सुरू करा. स्थिर धरलेली कॉइलही कुरकुरत असेल तर आणखी दोन-तीन आकडे उतरवा.

मशीनमध्ये पार्क, फील्ड असे तयार मोड आहेत; 'फील्ड' नाव बघून शेतात फील्ड 1 लावून मोकळं होऊ नका. पार्क 2 आणि फील्ड 2 या मोडांचा कल वरच्या फ्रिक्वेन्सींकडे आहे, आणि लहान शिसं, पातळ पितळी बटणं यांना तोच मानवतो. फील्ड 2 मध्ये 50 टोन (वेगवेगळ्या धातूंना वेगवेगळे सूर) ठेवा आणि घोड्याच्या नालेच्या चिन्हाचं बटण दाबून सगळं डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गप्प करणारी गाळणी) काढून टाका. लोखंड ऐकायला कंटाळा येतो, मान्य. पण लोखंड गप्प केलं की त्याच्याशेजारची गोळीही अर्धवट तुटक वाजते, आणि तुटक आवाजासाठी कोणी वाकत नाही.

रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका वस्तूनंतर दुसरी ऐकायला मशीन किती लवकर तयार होतं, ते 1 ते 8 आहे. खिळ्यांच्या गर्दीत 6 किंवा 7, मोकळ्या जमिनीत 4 किंवा 5. आकडा वाढला की जवळजवळच्या वस्तू सुट्या वाजतात, पण थोडी खोली जाते. आयर्न बायस, म्हणजे शंकास्पद सिग्नलला लोखंड ठरवण्याचा कल, मात्र शक्य तितका खाली ठेवावा. तो वाढवला की गंजक्या लोखंडाचे खोटे उंच सूर बंद होतात, आणि त्याच झटक्यात खिळ्याला चिकटलेली शिशाची गोळीही लोखंडात जमा होते. आयर्न बायसच्या जुन्या एफई पद्धतीपेक्षा नंतरच्या अपडेटमधून आलेली एफई2 खोटे सूर आवरायला चांगली आहे. सेकंडहँड घेतलेल्या मशीनवर हे अपडेट आहे का, ते आधी बघा.

पडद्यावरचा आकडा -9 ते 40 असतो; शून्य आणि त्याखाली लोखंड. शिसं साधारण दहापासून विशीच्या आसपासच्या पट्ट्यात पडतं, आणि दुर्दैवाने शीतपेयाच्या डब्याची कडी, चुरगळलेला ॲल्युमिनियमचा पत्राही तिथेच. म्हणजे आकड्यावरून गोळी ओळखता येत नाही. या कामात तो पट्टा सरसकट खणावाच लागतो. ब्राउन बेस या जुन्या ब्रिटिश लष्करी मस्केटची (लांब नळीच्या बंदुकीची) गोळी सुमारे 17.5 मिलिमीटर जाड आणि 30 ग्रॅमच्या पुढे भरते, तिचा आवाज गोल, भरीव येतो. पिस्तुलाची लहान गोळी किंवा आपटून चपटं झालेलं शिसं डळमळीत आकडा दाखवतं.

लोखंडाचं खरं सोंग पकडायचं ते असं. सिग्नल मिळाला की 90 अंशात फिरून पुन्हा झाडा. गोळी दोन्ही बाजूंनी त्याच जागी वाजते. वाकलेला खिळा एका बाजूने गोड वाजतो, दुसऱ्या बाजूने खरखरतो, आणि त्याची जागाही सरकते. मोठा चपटा लोखंडी पत्रा कॉइलच्या कडेला तिशीच्या पुढचा आकडा देतो. कॉइल थोडी उचला, आवाज फारसा न मंदावता रुंदच राहिला तर वस्तू मोठी आहे. नेमकी जागा धरायला पिनपॉइंट बटणापेक्षा सोपी युक्ती आहे: कॉइल छोट्या झोक्यांनी हलवत मागे ओढा, आवाज तुटला की वस्तू कॉइलच्या टोकासमोर. फावडं तिथून वीतभर लांब घाला. शिसं मऊ असतं, एका घावात ओरखडतं. खड्ड्यात हातातला पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर) हवाच, नाहीतर ढेकळं फोडण्यात दिवस जातो.

हंगामाचा फरक यंत्राच्या फरकापेक्षा मोठा असतो. ताज्या नांगरटीत ढेकळांमधली पोकळी खोली खाते आणि कॉइल जमिनीला लागत नाही. कुळवून सपाट झालेलं, पाऊस पडून वाफशावर आलेलं रान उत्तम. कापणीनंतरच्या धसकटांत कॉइल आपटत राहते आणि प्रत्येक धक्क्याला खोटा टिक येतो.

आता तक्रारी. दांडा तीन तुकड्यांचा आहे आणि सांध्यात थोडा सैलपणा राहतो. पुढे आलेल्या 700 आणि 900 मॉडेलांना कंपनीने कार्बन फायबरचा दांडा दिला, यातच काय ते आलं. वजन 1.34 किलो, पण 11 इंची कॉइलमुळे ते पुढे झुकतं. बॅटरी सुमारे 12 तास चालते, दिवसाला पुरते. मशीन 3 मीटर पाण्यात चालतं, सोबतचे वायरलेस हेडफोन मात्र पाण्याचे नाहीत, पावसात ते खिशात. कॉइलच्या कव्हरमध्ये माती आणि गंजाचे कण साचले की विनाकारण कुरकुर सुरू होते. दर काही दिवसांनी कव्हर काढून धुवा. कॉइलचा बोल्ट हाताने जेमतेम घट्ट करावा. जास्त आवळला तर बोल्ट बसतो ते कॉइलचे कान तडकतात.

जमीनमालकाची लेखी परवानगी आणि तिथला पुरातत्त्व कायदा आधी. अनेक देशांत संरक्षित रणभूमीवर डिटेक्टर नेणं हाच गुन्हा आहे. प्रत्येक वस्तूची जागा जीपीएसवर नोंदवा. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या 1876 च्या रणभूमीवर 1983 साली गवत जळून जमीन उघडी पडली, आणि 1984 च्या डिटेक्टर पाहणीत काडतुसांच्या जागा नकाशावर मांडून कोण कुठून लढलं ते उलगडत गेलं. जागा न लिहिलेली गोळी म्हणजे नुसतं शिसं.

गोल लोखंडी वस्तू मुठीएवढी किंवा मोठी असेल, तिला छिद्र किंवा फ्यूजचा डोळा (वात बसवायची जागा) दिसला, तर खणणं तिथेच थांबवा. पोकळ तोफगोळ्यातली दारू शतकानंतरही पेटू शकते. हलवू नका, पाणी ओतू नका, घासू नका; खूण करून लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. या बाबतीत मशीन काहीच मदत करत नाही: भरीव गोळा आणि भरलेला गोळा त्याला सारखाच वाजतो.