ईसॉप: ‘कंपनी आपली समजा’ म्हणतात, पण होते किती आपली?

ऑफर लेटरमध्ये पगाराच्या आकड्याखाली ‘ईसॉप: २,००० ऑप्शन्स’ अशी ओळ असते (ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअरचे ऑप्शन्स देणारी योजना) आणि एचआर सांगतं, आता तुम्ही नोकर नाही, भागीदार. मिक्सर घेताना आपण गॅरंटी कार्ड उलटून मागचा बारीक मजकूर वाचतो, तसं या ओळीचंही करायला हवं.

मुळात ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा तो हक्क. पैसे भरून शेअर नावावर होईपर्यंत ना लाभांश, ना मत. साखर कारखान्याचा साधा सभासदसुद्धा वार्षिक सभेत उठून चेअरमनला जाब विचारतो आणि सवलतीची साखर घरी नेतो. ऑप्शनवाल्याला तेवढंही नाही.

२,००० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कंपनीचे सगळे ऑप्शन्स धरून एकूण शेअर १ कोटी असतील तर तुमचा वाटा ०.०२ टक्के. एकूण आकडा विचारल्यावर एचआर ‘गोपनीय आहे’ म्हणालं, तर भागीदारी किती खरी ते तिथेच कळतं.

व्हेस्टिंग, म्हणजे ऑप्शन्सवरचा हक्क टप्प्याटप्प्याने पक्का होणं, बहुतेक ठिकाणी चार वर्षांचं असतं. ग्रँट (ऑप्शन्स मंजूर होणं) आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान एक वर्ष गेलंच पाहिजे, हा कायदाच आहे. त्यामुळे अकराव्या महिन्यात राजीनामा दिला तर हाती शून्य. नोकरीत असताना मृत्यू झाला तर मात्र मंजूर झालेले सगळे ऑप्शन्स वारसांकडे व्हेस्ट होतात. ही तरतूद चांगली आहे आणि घरी कुणालाच माहीत नसते. ग्रँट लेटरची प्रत विम्याच्या कागदांसोबत ठेवा.

खरी गोची कराची. समजा एक्सरसाइजचा, म्हणजे ऑप्शन वापरून शेअर घेण्याचा, भाव १० रुपये आणि त्या दिवशीचा रास्त भाव ५०० रुपये. २,००० शेअरसाठी कंपनीला भरायचे २०,०००. पण मधला फरक, ४९० गुणिले २,००० म्हणजे ९,८०,०००, हा पगारातला लाभ धरला जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह ३१.२ टक्के, म्हणजे ३,०५,७६० रुपये. एकही शेअर न विकता खिशातून ३,२५,७६० गेले. कंपनी हा कर टीडीएस म्हणून कापते, त्यामुळे त्या महिन्याचा पगार बघवत नाही. पुढे भाव २०० वर आला तरी भरलेला कर परत मिळत नाही. विकल्यावरचा तोटा फक्त भांडवली नफ्यातून वळता होतो. ठरावीक प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपमध्ये हा कर काही वर्षं पुढे ढकलता येतो, पण शेअर विकले किंवा नोकरी सोडली की तो लगेच दारात उभा.

त्यात नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला बऱ्याच योजना ३० किंवा ९० दिवसच देतात. चार वर्षं राबून मिळवलेले ऑप्शन्स इथे सोडून द्यावे लागतात, कारण तीन महिन्यांत सव्वातीन लाख उभे करून ते बाजारात न विकता येणाऱ्या कागदात घालायचे कुणी? माणसाने कंपनी आपली मानावी असं खरंच वाटत असेल, तर पोस्टर छापण्याऐवजी ही मुदत पाच-दहा वर्षांची करावी. तशी करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि आमच्या हिशेबात त्यांना पहिला क्रमांक.

बातमीतल्या ‘व्हॅल्युएशन’ने, म्हणजे कंपनीच्या ठरवलेल्या किमतीने, हुरळून जाऊ नका. तो भाव बहुतेक वेळा गुंतवणूकदारांच्या प्रेफरन्स शेअरचा असतो. त्यांनी १२० कोटी घातले, आधी आपले पैसे परत घेण्याची अट ठेवली, आणि कंपनी १०० कोटींना विकली गेली, तर साध्या शेअरच्या वाट्याला काही उरत नाही.

लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत हाच माल बराच बरा: भाव रोज दिसतो, आणि योजनेत सोय असेल तर काही शेअर विकून त्यातूनच कर भागवता येतो. अमेरिकी मूळ कंपनी सवलतीत शेअर देते (सवलत बहुधा १५ टक्क्यांपर्यंत), तेही घेण्यासारखं. फक्त रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल भरायला विसरू नका. ‘फँटम स्टॉक’ म्हणजे शेअरच्या भावाला बांधलेला बोनस. नाव भारी, पण रोख हातात पडते, त्यामुळे हिशेब सोपा. मालकी मात्र त्यात औषधालाही नाही.

आणखी एक. अनलिस्टेड कंपनीत ईसॉप कायम कर्मचारी आणि काही संचालक यांनाच देता येतो. गेटवरचा वॉचमन, कँटीनवाला, कंत्राटी टेस्टर यांना नाही. ‘कंपनी आपली समजा’चा बोर्ड बहुधा कँटीनमध्येच लावलेला असतो.

तर अनलिस्टेड ईसॉपला पाचातले अडीच, लिस्टेडला चार. अनलिस्टेडसाठी पगार कमी करून घेऊ नका. वर मिळत असेल तर जरूर घ्या. सही करण्याआधी ग्रँट लेटरवर न थांबता मूळ योजनेची पूर्ण प्रत मागा. सोडल्यानंतरची मुदत, व्हेस्ट झालेले ऑप्शन्सही काढून घेण्याची अट, आणि शेअर आधी कंपनीलाच विकण्याचं बंधन, ही तीन कलमं तिथेच सापडतात, बहुतेक शेवटच्या चार पानांत.