सालब्युटामॉलचा पंप आणि स्पेसर: खो-खोच्या मैदानावर दोन हिवाळे

आमची तेरा वर्षांची मुलगी नाशिकला खो-खो खेळते. डिसेंबरातल्या सकाळी सराव चालू असेपर्यंत तिला विशेष त्रास होत नसे; मात्र धावण्याची पाळी संपवून ती बसली की पाच-दहा मिनिटांत खोकल्याची उबळ यायची आणि छातीत घरघर सुरू व्हायची. धाप लागून तोंडाने घेतलेल्या थंड, कोरड्या हवेमुळे श्वासनलिकांच्या आतला ओलावा उडून त्या आकसतात, हा व्यायामाने उठणारा दमा आहे, असे डॉक्टरांनी समजावले आणि सरावापूर्वी पंधरा मिनिटे सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे, पंपातून १०० मायक्रोग्रॅमचे दोन पफ (फवारे) घ्यायला सांगितले.

औषधाचा गुण पहिल्याच आठवड्यात दिसला. दोन-तीन तास श्वास मोकळा राहतो. हाताला किंचित कंप सुटतो, पण तो लवकर थांबतो. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या निफेडिपिनचाही या दम्यावर १९८१ च्या सुमारास अभ्यास झाला होता. त्याने श्वासनलिकांचे आकसणे काही प्रमाणात कमी झाले, तरी रक्तदाबाचे हे औषध दम्याच्या नेहमीच्या उपचारात आले नाही. थेट श्वासनलिकेतच पोहोचणारा हा पंप मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी, मात्र सोबत घ्यावाच. नुसत्या पंपाने फवारा घशावरच आदळत असे आणि जिभेवर कडवट चव राहत असे. आता ती पंप हलवते, एक पफ सोडते, सावकाश श्वास ओढून दहापर्यंत मोजते आणि मगच दुसरा पफ घेते.

तक्रार एकच, पण गंभीर. आम्ही घेतलेल्या पहिल्या पंपावर उरलेले पफ दाखवणारा आकडा नव्हता. २०० पफ कधी संपले ते कळले नाही, आणि आंतरशालेय सामन्याच्या दिवशी डबीतून औषधाऐवजी नुसता वायू येत राहिला. मुलगी बाकावर बसून रडली, ते अजून डोळ्यांसमोर आहे. डबी हलवून किंवा पाण्यात तरंगवून अंदाज घेण्याची पद्धत भरवशाची नाही. त्यामुळे चार पैसे जास्त गेले तरी आकडा असलेलाच पंप मागावा.

हा पंप रोज लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी स्टेरॉइडचा पंपही सुरू केला, कारण सालब्युटामॉल आतली सूज उतरवत नाही आणि रोजच्या वापराने त्याचा संरक्षक परिणाम घटतो. यंदाच्या हिवाळ्यात सालब्युटामॉल तिला फक्त सामन्यांच्या दिवशी लागले.