अथेन्सच्या नाण्याच्या नावाखाली 68,500 रुपयांना लुबाडलं

प्राचीन ग्रीक नाणी गोळा करत असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातलं अथेन्सचं चांदीचं टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्मांचं नाणं) म्हणून माझ्याकडून 68,500 रुपये उकळले. आधी 40,000 ‘राखून ठेवायला’, मग 28,500, वर कुरिअरचे 650. हातात पडलं ते तांब्यावर मुलामा दिलेलं ओतीव नाणं.

फोटोत शिरस्त्राणावर ऑलिव्हची पानं असलेली अथेना देवी होती, चेहरा बाजूने पण डोळा समोरून कोरलेला. मागे घुबड, तोंड थेट आपल्याकडे, शेजारी डहाळी आणि चंद्रकोर. त्या डोळ्यासाठी मी कित्येक वर्षं पैसे साठवत होतो.

कळायला हवं होतं ते तेव्हाच! विक्रेत्याने ‘आधी विकलेल्या’ नाण्याचाही फोटो दाखवला होता. दोन्हींवर अथेनाच्या हनुवटीखाली कडेला तीच चीर. मी विचारलंही. ‘एकाच ठशातली आहेत, साहेब.’ एका ठशातून हजारो नाणी पाडत, हे खरंच आहे. जाणकारालाही ते पटलं असतं. पण ठशामुळे फक्त चित्र सारखं येतं. हातोड्याखाली चांदी दर वेळी वेगळी फाटते. दोन नाण्यांना हुबेहूब तीच चीर दिसली की ती साच्यात ओतलेली समजा आणि व्यवहार तोडा.

वजन भरलं 15.38 ग्रॅम, हवं 17.2 च्या आसपास. वजन आधीच मागा, तराजूवर, व्हिडिओत. पाण्यात तोलून घनता काढली तर 8.8, शुद्ध चांदीची 10.5. जाब विचारला तर मलाच इतिहास ऐकवला, की स्पार्टाशी झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस अथेन्सनेही तांब्यावर चांदी चढवली होती. चढवली होती, पण ती नाणी ठशाने पाडलेली! माझ्या नाण्यावर भिंगाखाली ओतकामाचे बुडबुडे दिसतात आणि कडेचा सांधा कानशीने घासलाय. सोबतचं प्रमाणपत्र त्यानेच छापलेलं. जुन्या लिलावातला फोटो मागा, तो जुळला तरच पुढे जा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, पार्सल मिळालं ना, मग दिवाणी दावा करा. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. नाणं खोटं असल्याचं लेखी आणा म्हणाले, तर संग्रहालय खासगी नाण्यावर अभिप्राय देत नाही. मग लेखी द्यायचं कुणी? तक्रार घ्यायला कुणी तयार नाही, आणि तो माणूस हनुवटीखाली चीर असलेली तीच अथेना आता 72,000 ला विकतोय.