कंपनीचं की लोकल?

जळगावला काय नि धुळ्याला काय, फोटोच्या सामानाच्या दुकानात काउंटरवरचा भाऊ आधी एकच विचारतो, "कंपनीचं देऊ की लोकल?" लोकल म्हणजे इथलं नव्हे. ज्यावर कॅमेऱ्याच्या कंपनीचा शिक्का नाही ते सगळं लोकल, मग ते थेट शेन्झेनहून का आलेलं असेना. लग्नाच्या ऑर्डरी नव्याने घेणारी पोरं याच प्रश्नावर अडून मला फोन करतात, कारण बॉडी आणि एक लेन्स घेता घेता खिसा रिकामा झालेला असतो. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय, म्हणून सांगतो. माझा अनुभव लग्नांचा आणि थोडा जत्रांचा, हे मात्र धरून चाला.

फ्लॅशपुरता वाद मिटल्यातच जमा आहे. गोडॉक्सचा, म्हणजे लोकलच, फ्लॅश आणि तो दुरून उडवणारा, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा त्यांचाच ट्रिगर, एवढ्यावर माझे चार सीझन निघाले. हळदीच्या मांडवात राहून त्याची दोन बटणं कायमची पिवळी झाली आहेत, बाकी तक्रार नाही. कंपनीच्या फ्लॅशचा टीटीएल, म्हणजे आपोआप ठरणारा उजेड, थोडा जास्त एकसारखा येतो असं मलाही वाटतं. पण वर लाल-पिवळ्या कापडाचं छत असताना मी तसाही मॅन्युअलवरच असतो. हूड, कॅप, पट्टा यांच्यासाठी कंपनीचे पैसे मोजणाऱ्याला मी अडवणार नाही, पण सोबतही जाणार नाही.

ट्रायपॉडचं जरा अवघड आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, घोडेबाजारात, तापीकाठी संध्याकाळी वारा सुटला, की हलका ट्रायपॉड पाय रोवायला तयारच नसतो. माझ्या स्वस्तातल्या ट्रायपॉडचे पाय ठीक होते, डोकं मात्र कच्चं. सत्तर-दोनशेची जड लेन्स चढवली की फ्रेम हळूहळू खाली यायची. घोडा जागेवर आणि आभाळ गायब. शेवटी पाय तेच ठेवले आणि वरचं डोकं, म्हणजे बॉलहेड, तेवढं चांगलं घेतलं. मॅनफ्रोटोचा अख्खा संच घेण्यापेक्षा हे मला परवडलं. खालून पिशवी लटकवली की वाऱ्यालाही पुरतं.

यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काच, घ्यायचाच तर कोटिंग असलेला घ्या. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. चांगल्या मल्टिकोटिंगने तो टक्क्याच्याही खाली येतो. यात्रेतल्या पाळण्यांचे दिवे रात्री टिपले, की हिरवे ठिपके फोटोभर का नाचतात ते यावरून कळेल. मी होया कंपनीचा वापरतो. केळीच्या बागेत शूट असेल तेव्हा मात्र जुना लोकल फिल्टर चढवतो, कारण तिथल्या चिकाचे डाग काही केल्या जात नाहीत.

मेमरी कार्डात नावापेक्षा दुकान महत्त्वाचं. सॅनडिस्कच्या नावाने बनावट कार्डंही विकली जातात. ६४ जीबी लिहिलेलं कार्ड आत त्याहून कितीतरी लहान निघू शकतं आणि ते भरेपर्यंत कळत नाही. कार्ड कुठलंही घ्या, पण पहिल्या लग्नाआधी एकदा काठोकाठ भरून सगळ्या फाइली परत उघडून बघा. बिलही घ्या.

आता बॅटरी. माझा हिशेब फिरला तो इथे.

कंपनीच्या एका बॅटरीच्या पैशात मला लोकल तीन मिळाल्या. फोटो मोजायला मी बसलो नाही, पण एका चार्जमध्ये दोन्ही साधारण सारख्याच चालायच्या. वर्षभर मीच लोकांना म्हणत होतो, वेडे आहात का, लोकल घ्या. मग कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. त्यानंतर लोकल बॅटरी घातली की पडद्यावर प्रश्न यायला लागला: या बॅटरीशी संपर्क होत नाही, तरी वापरायची का? हो म्हटलं की कॅमेरा नीट चालतो. फक्त चार्ज किती उरलाय ते दाखवत नाही.

एरंडोलकडे लग्न होतं. नवरदेवाची मिरवणूक बँडपुढे नाचत नाचत दोन तास उशिरा मांडवात आली आणि चौथ्या मंगलाष्टकेला माझी बॅटरी संपली. बदलली, कॅमेरा डोळ्याला लावला. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, मी बटण दाबतोय तर काहीच नाही. मागच्या पडद्यावर तो प्रश्न उत्तराची वाट बघत होता. उत्तर देईपर्यंत हार घालून झाले होते. नवरीचा मामा जवळ येऊन म्हणाला, "काय व्हयनं भाऊ?" काय सांगणार? हार पुन्हा घालायला लावले. अल्बममध्ये हार आहेत, हवेतल्या अक्षता नाहीत. त्या घराने पैसे पूर्ण दिले, हे मला जास्त लागलं.

यात बॅटरी बनवणाऱ्याची चूक किती आणि कॅमेरा कंपनीचा हट्ट किती, ते मी ठरवू शकत नाही. बॅटरीतली चिप कॅमेऱ्याला चार्ज सांगते, नकलेतली चिप अपडेटनंतर ओळखली जाईलच असं नाही, एवढं खरं. दुसरं उन्हाचं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं आणि भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. माझी एक लोकल बॅटरी फुगली, तिच्याच वयाची कंपनीची नाही फुगली. अर्थात फुगलेली गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली होती, त्यामुळे सगळं तिच्या माथी मारत नाही.

तुम्ही घरचे कार्यक्रम किंवा निसर्ग टिपत असाल, तर लोकलने तुमचं काही अडणार नाही. लग्नं घेणार असाल तर फ्लॅशमध्ये वाचलेल्या पैशातून दुसरी बॅटरी कंपनीची घ्या, तीही बिलासकट, कारण तिच्याही नकला निघतात. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी भरलेली बॅटरी घालायची सवय मीही आता लावून घेतलीय. तीच सवय आधी असती तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता.

उरलेल्या दोन लोकल बॅटऱ्या पुतण्याला दिल्या. तो पाटणादेवीला पक्षी टिपायला जातो. मी त्याला हा किस्सा सांगितला तर म्हणतो, "काका, एक बटणच तर दाबायचं असतं."