बत्तीस गाणी, दोन रात्री : मेटॅलिकाच्या ‘एम७२’ दौऱ्यातील ॲम्स्टरडॅमची ध्वनिमुद्रणे

मेटॅलिका हा अमेरिकी हेवी मेटल बँड २००४ सालापासून आपल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे स्वतःच विकत आला आहे. कार्यक्रम झाला की काही दिवसांत त्याचे नीट मिक्स केलेले मुद्रण एमपी३ किंवा फ्लॅक स्वरूपात संकेतस्थळावर मिळते आणि ज्याला हवे त्याला ते सीडीवरही घेता येते. या सेवेतून मी ॲम्स्टरडॅमच्या योहान क्रायुफ अरेनामधील २७ आणि २९ एप्रिल २०२३ या दोन रात्री एकत्र घेतल्या, कारण ‘एम७२’ दौऱ्याची ती सुरुवात होती आणि त्या दौऱ्याने श्रोत्यांना एक वेगळे वचन दिले होते. प्रत्येक शहरात दोन रात्री कार्यक्रम होणार, दोन्ही रात्रींचे आरंभीचे बँड वेगळे असणार, आणि मेटॅलिका पहिल्या रात्री वाजवलेले एकही गाणे दुसऱ्या रात्री वाजवणार नाही. हेवी मेटल बँडने दौऱ्यात गाण्यांची यादी बदलावी की नाही, हा वाद चाहत्यांमध्ये जुना आहे. या दोन मुद्रणांत त्याचे एक ठोस उत्तर हाती लागते, म्हणून हे परीक्षण आवाजाच्या प्रतीपेक्षा यादीविषयी अधिक आहे.

प्रत्येक रात्री सोळा, म्हणजे एकूण बत्तीस गाणी आहेत. पहिली रात्र ‘ओरायन’ या शब्दविरहित रचनेने सुरू होते आणि ‘मास्टर ऑफ पपेट्स’ने संपते, दुसरी ‘द कॉल ऑफ क्टुलू’ या तशाच रचनेने सुरू होऊन ‘एंटर सँडमॅन’पाशी थांबते. दोन्ही दिवशी गायकाशिवाय आरंभ करण्याची ही कल्पना मला फार आवडली, कारण त्यामुळे श्रोत्याचे लक्ष आधी गिटारवर बसते आणि जेम्स हेटफील्डचा आवाज येईपर्यंत थोडी वाट पाहावी लागते. अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या ‘७२ सीझन्स’ या अल्बममधील सहा गाणी तीन-तीन अशी वाटली आहेत. बारा गाण्यांच्या नव्या अल्बममधली निम्मी गाणी वाजवणे हे धाडस आहे; बरेच जुने बँड नव्या अल्बमची दोन गाणी उरकून जुन्याकडे वळतात. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बममधील सहा गाणीही अशीच विभागली आहेत, त्यामुळे ज्याने एकाच रात्रीचे तिकीट काढले त्यालाही ओळखीचे काहीतरी मिळावे याची काळजी घेतलेली दिसते. मात्र २००३ च्या ‘सेंट अँगर’मधील एकही गाणे बत्तिसांत नाही. आवाजाविषयी थोडक्यात सांगायचे तर वाद्ये स्वच्छ वेगळी ऐकू येतात, पण प्रेक्षक जरा दूर ठेवलेले वाटतात. मैदानात उभे असल्याचा भास हवा असेल तर तो इथे पूर्ण मिळत नाही.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सवात गायक कोणता राग गाणार हे त्याने षड्ज लावेपर्यंत बहुतेकांना ठाऊक नसते, आणि राग ओळखीचा निघाला तरी विस्तार त्या दिवसाचाच असतो. नाट्यसंगीतात पद तेच असूनही ‘वन्स मोअर’ मिळाला की गायक नव्या जागा घेतो. म्हणजे आपल्या कानाला नावीन्याची सवय गाण्याच्या आत शोधण्याची आहे. मेटलमध्ये तसे नाही. तेथील रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा ठरावीक स्वरसमूह, ही बांधून काढलेली गोष्ट असते. तिचा एक स्वर, एक मात्राही इकडची तिकडे झाली तर ती चूक ठरते, आणि एकल वादनसुद्धा बरेचदा मूळ मुद्रणातल्यासारखेच वाजावे अशी श्रोत्याची अपेक्षा असते. सत्तरच्या दशकातील डीप पर्पलसारखे बँड एकच गाणे मंचावर पंधरा-वीस मिनिटे फुलवीत असत; पुढच्या पिढीने तो मार्ग बहुतांशी सोडून दिला. गाण्याच्या आत बदल करायचा नाही असे एकदा ठरले की बदलाला जागा उरते ती फक्त यादीत. यादीचा वाद मेटलमध्ये इतक्या त्वेषाने का होतो, याचे कारण मला इथे दिसते.

तरीही स्थिर यादीला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडने आपल्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम केला तेव्हा मी गर्दीत होतो. आरंभी ‘एसेस हाय’, पुढे तेरा मिनिटांहून लांब ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’, मागे इजिप्शियन थाटाचा मंच. नंतर इतर शहरांच्या याद्या वाचल्या, तर जवळजवळ तीच गाणी, तोच क्रम. म्हणून माझी संध्याकाळ तसूभरही कमी झाली नाही. मेडनच्या कार्यक्रमात गाण्यागणिक मागचा रंगवलेला पडदा बदलतो आणि एडी हा त्यांचा राक्षस ठरलेल्या गाण्यालाच मंचावर येतो; २०१८ आणि २०१९ च्या दौऱ्यात तर आरंभीच्या गाण्याला स्पिटफायर विमानाची प्रतिकृती वादकांच्या डोक्यावर तरंगत असे. एवढा पसारा एका गाण्याभोवती उभा केल्यावर आज हे नको, ते वाजवू, असे म्हणता येत नाही. रामस्टाइन या जर्मन बँडच्या आगीच्या खेळांबाबत तर सुरक्षेचाही प्रश्न येतो. त्याखेरीज गाण्यागणिक गिटारची पट्टी बदलते; ‘सॅड बट ट्रू’ इतर बऱ्याच गाण्यांपेक्षा खालच्या पट्टीत आहे, म्हणजे त्यासाठी वेगळी गिटार तयार ठेवावी लागते. आणि साठीच्या आसपासच्या गायकाला कोणत्या गाण्यानंतर घसा विसावायला मिळतो, यावरही क्रम ठरतो. हे शेवटचे कारण चाहते सहज विसरतात.

मेडन बदल करीत नाही असे नव्हे. तो रात्रीगणिक न करता दौऱ्यागणिक करतो. १९८६ च्या अल्बममधील ‘अलेक्झांडर द ग्रेट’ हे गाणे त्यांनी मंचावर पहिल्यांदा वाजवले ते २८ मे २०२३ रोजी ल्युब्लियाना येथे, सदतीस वर्षांनी! मग त्या दौऱ्यात ते रोज वाजले. ज्याच्या शहरात बँड दहा वर्षांतून एकदा येतो त्याच्या दृष्टीने हीच पद्धत अधिक न्याय्य आहे, असे मला वाटते. बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटॅलिका आला, तेव्हा त्या संध्याकाळी दुर्मीळ गाण्यांसाठी ओळखीची गाणी वगळली असती तर महाराष्ट्रातून रात्रभर बसने गेलेल्या पोरांनी त्याला काय म्हटले असते, हे लिहिण्याची गरज नाही.

यादी श्रोत्यांच्या हाती दिली तर काय होते, याचाही प्रयोग मेटॅलिकाने २०१४ साली केला होता. प्रत्येक शहरातील तिकीटधारकांनी मतदान करून सतरा गाणी निवडायची आणि अठरावे नवे गाणे बँडचे. बहुतेक शहरांनी १९८० च्या दशकातील तीच ती गाणी निवडली, म्हणजे लोकशाहीने यादी आणखीच स्थिर केली. अपवाद हेलसिंकीचा, जिथे १९८८ चे ‘द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी’ त्यांनी मंचावर प्रथमच पूर्ण वाजवले. याच्या उलट टोकाला ड्रीम थिएटर या बँडचा ड्रमवादक माइक पोर्टनॉय होता. तो शहरागणिक मागच्या भेटीची यादी पाहून नवी यादी लिहीत असे, जेणेकरून तिथल्या श्रोत्याला तेच पुन्हा ऐकावे लागू नये. ही दृष्टी मला सर्वांत सुजाण वाटते, कारण तिच्यात बदल कोणासाठी करायचा याचा विचार आहे.

‘एम७२’ची योजना या कसोटीवर अर्धी उतरते. तिने आपले वचन आधीच जाहीर केले, त्यामुळे श्रोता फसला असे म्हणता येत नाही. वर्तुळाकार मंच, मध्यभागी उभे प्रेक्षक आणि चार ठिकाणी चार ड्रमसंच अशी अवजड मांडणी असूनही बत्तीस गाण्यांची तयारी ठेवणे हे कष्टाचे काम आहे. पण एकाच रात्रीचे तिकीट परवडणाऱ्याला ‘मास्टर ऑफ पपेट्स’ किंवा ‘एंटर सँडमॅन’ यांतले एकच मिळते, आणि कोणते हे वारावर ठरते. शिवाय दोन रात्रींत पुनरावृत्ती नसली तरी पुढच्या शहरांत सांगाडा बराचसा तोच राहतो. शेवटची गाणी तर हलत नाहीत. माझ्या मते बारा-तेरा गाणी स्थिर ठेवावीत, एखादे मोठे गाणे दोन्ही रात्री वाजवले तरी बिघडत नाही, आणि मधल्या तीन-चार जागा मात्र खरोखर मोकळ्या सोडाव्यात, तेथे बँडलाही थोडी धाकधूक वाटली पाहिजे. रोज वाजणाऱ्या गाण्यात हात आपोआप फिरतात. ‘लेपर मसाया’सारखे क्वचित वाजणारे गाणे या मुद्रणात ऐकताना ड्रमवादक लार्स उलरिक थोडा सावध, थोडा पुढे झुकलेला वाटतो, आणि मला तो तसाच हवा आहे.

पाचांपैकी चार गुण. दोन्ही रात्री घेता आल्या तर एकाच दिवशी ऐकू नयेत, मध्ये एक दिवस जाऊ द्यावा, तिथल्या श्रोत्यांच्या वाट्यालाही तो आला होता. एकच घ्यायची असेल तर मी दुसरी सुचवीन. पहिल्या रात्रीत ठेवणीतली गाणी अधिक आहेत, पण दुसरीत ‘द कॉल ऑफ क्टुलू’ आहे, ‘लेपर मसाया’ आहे, आणि ‘वन’च्या सुरुवातीला अख्खे स्टेडियम गप्प होते ते ऐकण्यासारखे आहे.