आमचाच लेव्हल ट्रान्समीटर आम्हालाच ‘नवा’ म्हणून विकला

हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. जानेवारीत बॉयलरच्या कंडेन्सेट टाकीवरचा (वाफेचं परत आलेलं पाणी साठवायची टाकी) रडार लेव्हल ट्रान्समीटर २० मिलीअँपवर अडकला. हा रडार लहरींनी टाकीतली पातळी मोजतो आणि पॅनेलला सिग्नल देतो: ४ मिलीअँप म्हणजे रिकामी, २० म्हणजे भरलेली. टाकीवरच्या काचेच्या नळीत, गेज ग्लासमध्ये, पाणी निम्मं, म्हणजे १२ च्या आसपास यायला हवं होतं. टाकी रिकामी होत जाईल आणि पॅनेल मात्र भरलेली दाखवेल, तर फीड पंप कोरडा चालेल. या भीतीने मी घाई केली, आणि तिथेच फसलो.

चार वर्षं आमच्याकडे येणारा सप्लायर आला. झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं. रिपेअर होत नाही. जुना द्या, नव्यात पाच हजार कमी करतो.” मीच गेटपास केला. सिरीयल नंबर लिहून ठेवला नाही.

मे महिन्यात फर्नेस ऑइलच्या टाकीसाठी आणखी एक लागला. त्यानेच पाठवला. पेटी सीलबंद, रंग ताजा, नेमप्लेट चकचकीत, सोबत कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. रेंज भरायला लूपमध्ये २५० ओहमचा रेझिस्टर टाकून हार्ट कम्युनिकेटर (ट्रान्समीटरची मेमरी वाचायचं हातातलं यंत्र) जोडला, तर टॅग, म्हणजे मेमरीत भरलेलं ओळख-नाव, आला ‘एलटी-२०३’. तो आमच्या कंडेन्सेट टाकीचा टॅग, काही वर्षांपूर्वी मीच भरलेला. नंतर आतला सिरीयल नंबर वाचला, तोही नेमप्लेटशी जुळेना. रंग बदलला, प्लेट बदलली, मेमरी पुसायची मात्र राहून गेली. सर्टिफिकेटवरची लॅब एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) वेबसाइटवर शोधली, सापडली नाही.

सगळ्यात जास्त चीड पुढच्या गोष्टीची आली. तो ट्रान्समीटर टेबलावर लावून भिंतीच्या दिशेने धरला, अंतर बरोबर दाखवत होता. म्हणजे जानेवारीतही कार्ड गेलंच नव्हतं. थंडीत नोझल (टाकीवर ट्रान्समीटर बसवायची आखूड नळी) गार पडतं, वाफेचं पाणी अँटेनावर जमतं आणि जवळचाच खोटा इको, म्हणजे परतलेली लहर, पकडला जातो, मग टाकी भरल्यासारखी दिसते. अँटेना पुसून, नोझलला इन्सुलेशन करून काम भागलं असतं.

फोन केला तर म्हणे गोदामात पेटी बदलली असेल. निम्मे पैसे परत आले, उरलेल्यांसाठी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे.

तुमच्याकडे कोणी “कार्ड गेलं” म्हटलं, तर आधी अँटेना किंवा प्रोब स्वतः काढून पुसा आणि इको कर्व्ह (कोणत्या अंतरावरून किती इको परततो त्याचा आलेख) बघा. जुना पीस द्यायचाच झाला तर आतला सिरीयल नंबर चलानवर लिहा. नवा आला की टाकीवर चढवण्याआधी, बिल पास करण्याआधी कम्युनिकेटर जोडा. स्वतःचा नसेल तर शेजारच्या युनिटमधून मागून आणा, एमआयडीसीत कोणी नाही म्हणत नाही.